फिल्टर लावल्यावर फक्त दिसणाऱ्या ओळींची बेरीज: केळीच्या कटिंगच्या हिशेबावरून शिकूया

फिल्टर लावला. सावद्याच्या तेवढ्या ओळी समोर राहिल्या, बाकीची गावं दिसेनाशी झाली. पण बेरजेचा आकडा जागचा हलला नाही. तो अजून सगळ्या गावांचाच आहे. एक्सेल नव्यानं शिकणारा जवळपास प्रत्येक जण इथे अडतो, आणि अडला तर एकवेळ बरं. आकडा बदलला नाही हे लक्षातच आलं नाही आणि तोच आकडा चिठ्ठीवर उतरवला, तर कुणाचे तरी पैसे चुकतात.

म्हणून हा लेख. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल भागात केळीच्या कटिंगचा हिशेब ठेवणारी, सोसायटीत किंवा व्यापाऱ्याकडे नुकतीच कामाला लागलेली, वहीवरून कॉम्प्युटरवर आलेली बरीच मुलं-मुली आहेत. त्यांच्या रोजच्या कामाचं उदाहरण घेतलं आहे. कापूस, मिरची, दूध, बचत गट, कशाचाही हिशेब असला तरी रीत हीच.

आधी एक सूचना. या लेखात फॉर्म्युले देवनागरीत लिहिले आहेत. शीटमध्ये टाइप करताना फॉर्म्युल्याचं नाव, कॉलमची अक्षरं आणि आकडे इंग्रजी कीबोर्डनंच टाका. नावाचं स्पेलिंग जिथे लागेल तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

आधी शीट नीट मांडा

चौथ्या ओळीत कॉलमची नावं टाका. ए मध्ये तारीख, बी मध्ये गाव, सी मध्ये खाते क्रमांक, डी मध्ये बाग, ई मध्ये निव्वळ वजन क्विंटलमध्ये, एफ मध्ये दर, जी मध्ये रक्कम. पाचव्या ओळीपासून नोंदी सुरू करा. रकमेच्या कॉलममध्ये =ई५*एफ५ टाकून तो फॉर्म्युला खाली ओढला की प्रत्येक ओळीची रक्कम आपोआप येते.

बेरीज मात्र तळाशी नको, वर दुसऱ्या ओळीत घ्या. वहीत बेरीज पानाच्या तळाशी असते म्हणून हात सवयीनं खाली जातो, पण शीटमध्ये ते गैरसोयीचं आहे. रोज नव्या गाड्यांच्या नोंदी खाली वाढत जातात, बेरजेची ओळ मध्ये येते, कधी ती फिल्टरमध्येच सापडते. वर ठेवली की नोंदी कितीही वाढोत, ती जागेवर राहते. पाचव्या ओळीतल्या पहिल्या सेलवर क्लिक करून व्ह्यू मेनूतून फ्रीझ पेन्स केलं, की खाली कितीही गेलात तरी बेरीज आणि कॉलमची नावं डोळ्यांसमोर राहतात.

समजायला सोप्या म्हणून सहाच ओळी घेऊ. दर नमुन्याचे आहेत, आजच्या बाजाराचे नाहीत.

| ओळ | गाव | बाग | वजन | दर | रक्कम |
|---|---|---|---|---|---|
| ५ | सावदा | मृगबाग | ४२ | १,५०० | ६३,००० |
| ६ | फैजपूर | मृगबाग | ३८ | १,५०० | ५७,००० |
| ७ | सावदा | कांदेबाग | ५० | १,४०० | ७०,००० |
| ८ | निंभोरा | मृगबाग | ४५ | १,५०० | ६७,५०० |
| ९ | सावदा | मृगबाग | ४० | १,४५० | ५८,००० |
| १० | फैजपूर | कांदेबाग | ३५ | १,४०० | ४९,००० |

एकूण वजन २५० क्विंटल, एकूण रक्कम ३,६४,५००. खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: जून-जुलैत लावलेली केळी ती मृगबाग, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराची ती कांदेबाग. दोन्हींचा हिशेब वेगळा काढायची वेळ सारखी येते, म्हणून बागेचा कॉलम हवाच.

फिल्टर लावा

कॉलमच्या नावांपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सगळा भाग निवडा आणि डेटा मेनूतून फिल्टर दाबा. कंट्रोल, शिफ्ट आणि एल एकत्र दाबलं तरी चालतं. प्रत्येक नावाशेजारी लहान बाण येईल. गावाच्या बाणावर क्लिक करा, सगळ्या खुणा काढा, फक्त सावद्यावर खूण ठेवा, ओके दाबा.

आता डावीकडचे ओळींचे नंबर बघा. ५, ७, ९ एवढेच उरले असतील आणि त्यांचा रंग निळा झाला असेल. हा निळा रंग ओळखायला शिका. फिल्टर लागलेला आहे, काही ओळी झाकलेल्या आहेत, हे एक्सेल त्यातून सांगत असतं. गूगल शीट्समध्ये हेच नंबर हिरवे होतात.

दुसऱ्या ओळीत तुम्ही =सम(जी५:जी५०४) लिहिलं असेल तर तिथे अजून ३,६४,५०० दिसतील. सावद्याचे खरे होतात ६३,००० अधिक ७०,००० अधिक ५८,०००, म्हणजे १,९१,०००. सम हा फॉर्म्युला चुकलेला नाही. त्याला जी५ ते जी५०४ बेरीज कर असं सांगितलं, त्यानं ती केली. ओळ पडद्यावर दिसते की नाही, हे तो बघतच नाही.

सबटोटल

जी२ मध्ये सम काढून हे टाका:

=सबटोटल(१०९, जी५:जी५०४)

स्पेलिंग: एस-यू-बी-टी-ओ-टी-ए-एल. एंटर दाबलं की आकडा १,९१,००० होईल. फिल्टर बदलून फैजपूर निवडा, १,०६,००० येतील. फिल्टर काढा, पुन्हा ३,६४,५००. वजनासाठी ई२ मध्ये हाच फॉर्म्युला ई५:ई५०४ घालून लिहा, सावद्याला १३२ क्विंटल दिसतील.

शेवट ५०४ पर्यंत नेला आहे, कारण पुढे नोंदी वाढणार. रिकाम्या ओळींनी बेरजेला काही होत नाही.

तो १०९ काय आहे, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. सबटोटल नुसती बेरीज करत नाही, तो अकरा प्रकारची कामं करतो, आणि कुठलं काम हवं ते पहिल्या आकड्यावरून ओळखतो. १ म्हणजे सरासरी, २ म्हणजे आकडे असलेल्या सेलची मोजणी, ३ म्हणजे भरलेल्या सगळ्या सेलची मोजणी, ४ सर्वात मोठा आकडा, ५ सर्वात लहान, ९ बेरीज. बाकीचे आपल्याला क्वचितच लागतात. बेरजेला ९ च का, असं पुष्कळ जण विचारतात. या अकरा कामांची इंग्रजी नावं वर्णक्रमानं लावली आहेत आणि त्यात सम नववा येतो, एवढंच कारण आहे.

मग ९ आणि १०९ मध्ये फरक काय? फिल्टरनं झाकलेल्या ओळी दोघंही सोडतात. फरक पडतो तो हातानं लपवलेल्या ओळींत. ओळीच्या नंबरवर राइट क्लिक करून हाइड केलं, की ती ओळ लपते, पण तिथे फिल्टर नसतो. अशी ओळ ९ बेरजेत धरतो, १०९ धरत नाही.

हे करूनच बघा. फिल्टर पूर्ण काढा. नववी ओळ, सावद्याची ५८,००० ची, राइट क्लिक करून हाइड करा. समजा त्या गाडीच्या वजनावरून वाद आहे आणि ती आज बाजूला ठेवायची आहे. आता शेजारी-शेजारी दोन सेलमध्ये लिहा:

=सबटोटल(९, जी५:जी५०४) उत्तर ३,६४,५००
=सबटोटल(१०९, जी५:जी५०४) उत्तर ३,०६,५००

पडद्यावर पाचच ओळी आहेत आणि त्यांची बेरीज ३,०६,५०० च होते. शंभराच्या वरचे आकडे एक्सेल २००३ पासून आहेत, त्यामुळे आज वापरात असलेल्या कुठल्याही आवृत्तीत चालतात. गूगल शीट्स आणि लिबरऑफिस कॅल्क यांतही १०९ असाच वागतो. कॅल्कमध्ये तुमच्या सेटिंगप्रमाणे स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम टाकावा लागू शकतो.

माझं मत स्पष्ट आहे: नवीन शिकणाऱ्यानं कायम १०९ च वापरावा. जे दिसतं त्याचीच बेरीज, हा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. ९ ची गरज वेगळी असते. काही ओळी फक्त छपाईत नको म्हणून लपवल्या आहेत पण रक्कम धरायची आहे, अशा वेळी तो कामाचा. पण मग शेजारी तसं लिहून ठेवा, नाहीतर कागद हातात घेणारा ओळी मोजून बेरीज करेल आणि ती जुळणार नाही.

ओळींचे गट करून डावीकडच्या वजाच्या खुणेनं मिटवले, तर तेही हातानं लपवल्यातच जमा होतं. आणि कॉलम लपवले तर मात्र सबटोटलला काही फरक पडत नाही. तो उभ्या यादीसाठी बनवलेला आहे. महिने आडवे मांडून मधले कॉलम लपवले आणि आडवी बेरीज घेतली, तर लपलेले महिनेही त्यात येतील.

ऑटोसमचा गोंधळ

एकाच ऑफिसात दोघांच्या शीट वेगळ्या वागतात, याचं नेहमीचं कारण ऑटोसमचं बटण असतं. फिल्टर लावून काही ओळी झाकलेल्या असताना कॉलमखाली ऑटोसम दाबलं, तर एक्सेल स्वतःहून सबटोटल ९ लिहितं. फिल्टर नसताना दाबलं, तर साधं सम लिहितं. बटण तेच, फॉर्म्युला वेगळा. म्हणून बेरजेच्या सेलवर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला पट्टीत नेमकं काय लिहिलंय ते वाचायची सवय लावून घ्या. दुसऱ्याची शीट हातात आली की पहिलं काम हेच.

कंट्रोल-टी दाबून यादीचं टेबल केलं आणि टेबल डिझाइनमध्ये टोटल रो सुरू केली, तर तिथे १०९ आपोआप येतो. टेबलचा दुसराही फायदा आहे. नवी नोंद खाली लिहिली की टेबल स्वतःच वाढतं. ज्याला फॉर्म्युले लिहायची भीती वाटते त्यानं इथून सुरुवात करावी.

बेरीज तरीही जुळत नाही तेव्हा

सबटोटल बरोबर लिहिला तरी आकडा चुकतो, असं होतं. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा फॉर्म्युल्यात नसून नोंदींत असतो, आणि मराठीत नोंदी करणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. त्यामुळे इथे जरा थांबून बघू.

गावाच्या बाणावर क्लिक करा आणि उघडलेली यादी नीट वाचा. त्यात एखाद्या वेळी असं दिसेल: फैजपुर, फैजपूर, फैजपूर, निंभोरा, निंभोरे, निम्भोरा, सावदा. आपल्याला ही तीन गावं आहेत, एक्सेलला सात. ऱ्हस्व पु, दीर्घ पू, अनुस्वार आणि जोडाक्षर, रा आणि रे, प्रत्येक फरक त्याच्या लेखी वेगळं नाव. दोन ‘फैजपूर’ तर डोळ्यांना अगदी सारखे दिसतात. त्यातल्या एकाच्या शेवटी स्पेस पडलेली असते, किंवा मोबाइलच्या कीबोर्डनं मध्ये न दिसणारं चिन्ह टाकलेलं असतं. तुम्ही एकावर खूण करून फिल्टर लावता, उरलेल्या नावांच्या गाड्या झाकल्या जातात, आणि बेरीज गुपचूप कमी येते.

गुपचूप हा शब्द मुद्दाम वापरला. कुठेही लाल खूण येत नाही, कुठलाही इशारा येत नाही. अमळनेर-पारोळ्याकडे कापसाच्या काट्यावर शेतकरी सरळ विचारतो, “भाऊ, मना मालना किती व्हयनात?” (माझ्या मालाचे किती झाले?) त्याला आपण जो आकडा सांगतो तो त्याच्यासाठी शेवटचा असतो. त्याची एक गाडी स्पेलिंगमुळे सुटली, तर ती शोधून काढायचं साधन त्याच्याकडे नाही, आपल्याकडे आहे.

उपाय दोन. झालेल्या नोंदी सुधारायच्या असतील तर गावाचा कॉलम निवडून कंट्रोल-एच दाबा, शोधायच्या जागी चुकीचं रूप, बदलायच्या जागी योग्य रूप लिहा, आणि एकेक रूप बदलत जा. शेवटच्या स्पेससाठी शेजारी रिकाम्या कॉलममध्ये =ट्रिम(बी५) लिहून खाली ओढा, आलेली नावं कॉपी करून मूळ कॉलमवर फक्त व्हॅल्यू म्हणून पेस्ट करा. स्पेलिंग: टी-आर-आय-एम. न दिसणारं चिन्ह ट्रिमनं जात नाही. तिथे योग्य नाव एकदा स्वच्छ टाइप करून त्या सेलवर पेस्ट करणं सगळ्यात सोपं.

दुसरा उपाय पुढच्यासाठी, आणि तोच खरा. गावांची यादी वेगळ्या शीटवर एकदाच लिहा. मग बी कॉलम निवडून डेटा मेनूतलं डेटा व्हॅलिडेशन उघडा, लिस्ट निवडा, ती यादी दाखवा. त्यानंतर गाव टाइप करायचंच नाही, यादीतून निवडायचं. बागेच्या कॉलमलाही तसंच करा. पहिल्या दिवशी थोडा वेळ जातो, पण हे न करता वर्षाचा हिशेब मराठीत ठेवू नका, एवढं आग्रहानं सांगतो.

नोंदींतली दुसरी अडचण म्हणजे आकड्यासारखा दिसणारा मजकूर. ‘४२ क्विं.’ असं वजनाच्या सेलमध्ये लिहिलं तर तो मजकूर झाला, बेरजेत येणार नाही. एकक कॉलमच्या नावात लिहा, सेलमध्ये फक्त आकडा. ओळखायची सोपी खूण अशी: सेलची मांडणी कुणी मुद्दाम बदललेली नसेल तर आकडा उजवीकडे चिकटतो आणि मजकूर डावीकडे. वजनाच्या कॉलमवर वरपासून खालपर्यंत एक नजर टाका, डावीकडे सरकलेले सेल लगेच दिसतात.

तिसरी गोष्ट रिकाम्या ओळीची. दोन दिवसांच्या नोंदींमध्ये जागा सोडायची सवय वहीतून येते. शीटमध्ये, पूर्ण भाग न निवडता फिल्टर लावला, तर एक्सेल पहिल्या रिकाम्या ओळीपाशी यादी संपली असं समजतं. त्याखालच्या नोंदींना फिल्टर लागतच नाही. त्या दिसत राहतात, आणि दिसतात म्हणून सबटोटल त्यांनाही धरतो. इथे बेरीज जास्त येते. रिकामी ओळ ठेवू नका. दिवस वेगळे दाखवायचे असतील तर रंग द्या.

फिल्टर लागलेला असताना खाली नवी गाडी लिहिली तर तेही असंच. ती निंभोऱ्याची असली तरी सावद्याच्या फिल्टरमध्ये दिसत राहते, कारण फिल्टर आपोआप पुन्हा लागत नाही. डेटा मेनूत रीअप्लाय दाबा, म्हणजे ती झाकली जाईल. शक्यतो नवी नोंद करण्याआधी फिल्टर काढावा, हे उत्तम.

किती ओळी धरल्या, तेही दाखवा

बेरजेच्या आकड्याशेजारी ओळींची संख्या असावी असं मला फार वाटतं. बी२ मध्ये हे लिहा:





=काउंटए(बी५:बी५०४)&" पैकी "&सबटोटल(१०३, बी५:बी५०४)

काउंटएचं स्पेलिंग सी-ओ-यू-एन-टी-ए. सावद्याचा फिल्टर असताना इथे ‘६ पैकी ३’ दिसेल. फिल्टर नसताना ‘६ पैकी ६’. १०३ म्हणजे दिसणाऱ्या, भरलेल्या सेलची मोजणी. गाड्यांच्या पावत्या हातात मोजल्या आणि त्या तीनच भरल्या, तर बेरीज बरोबर असल्याची खात्री तिथेच होते. प्रिंट काढतानाही ही ओळ येऊ द्या. कागदावर निळे नंबर दिसत नाहीत, त्यामुळे फिल्टर होता की नव्हता हे कागद बघून कळत नाही. ‘६ पैकी ३’ वाचलं की कळतं.

एक झटपट पडताळणीही आहे. एक्सेलमध्ये फिल्टर लावून रकमेचे दिसणारे सेल माउसनं निवडा आणि खालच्या पट्टीत उजवीकडे बघा. तिथे दिसणाऱ्या सेलचीच बेरीज येते. ती जी२ शी जुळली पाहिजे.

सरासरी दराबद्दल सावध राहा

बेरीज जमली की पुढचा मोह सरासरी दराचा होतो. =सबटोटल(१०१, एफ५:एफ५०४) लिहिलं तर सावद्याला १,४५० येतील, म्हणजे १,५००, १,४०० आणि १,४५० ची साधी सरासरी. पण माल सारखा नव्हता. सगळ्यात कमी दराला सगळ्यात जास्त, ५० क्विंटल गेला. खरा पडलेला दर काढायचा तर दिसणारी रक्कम भागिले दिसणारं वजन:

=जी२/ई२

१,९१,००० भागिले १३२, म्हणजे सुमारे १,४४७. क्विंटलमागे तीन रुपयांचा फरक इथे लहान वाटतो, पण हंगामाच्या हिशेबात तो वाढत जातो. दराच्या कॉलमची सरासरी घेऊच नका, रक्कम आणि वजन यांच्या सबटोटलवरूनच दर काढा.

गावागणिक बेरीज आणि एकूण बेरीज

काहींना यादीतच प्रत्येक गावाखाली त्या गावाची बेरीज हवी असते आणि शेवटी सगळ्याची. सम वापरला तर एकूण बेरीज दुप्पट होते, कारण गावांच्या बेरजाही पुन्हा मोजल्या जातात. सबटोटलमध्ये ही अडचण नाही. त्याच्या टप्प्यात दुसरा सबटोटल आला तर तो सोडून देतो. त्यामुळे गावांच्या बेरजाही सबटोटलनं आणि एकूणही सबटोटलनं घेतली, तर सगळं जुळतं. हे हातानं करायचं नसेल तर आधी गावाप्रमाणे सॉर्ट करा आणि डेटा मेनूतलं सबटोटल बटण वापरा. टेबल केलेल्या यादीवर ते बटण चालत नाही.

दर ठरलेला नसेल तेव्हा: अ‍ॅग्रिगेट

गाडी गेली, वजन झालं, पण दर अजून ठरला नाही. दराच्या सेलमध्ये कुणीतरी ‘बाकी’ लिहितं. मग वजन गुणिले ‘बाकी’ होत नाही, रकमेत व्हॅल्यूची चूक येते, आणि ती ओळ दिसत असेपर्यंत जी२ मध्येही आकड्याऐवजी तीच चूक दिसते. दराचा सेल रिकामा ठेवला असता तर रक्कम शून्य आली असती आणि काम चाललं असतं. तरी अशी शीट हातात आलीच, तर:

=अ‍ॅग्रिगेट(९, ७, जी५:जी५०४)

स्पेलिंग ए-जी-जी-आर-ई-जी-ए-टी-ई. पहिला ९ बेरजेचा. दुसरा ७ म्हणजे लपलेल्या ओळी आणि चुका दोन्ही सोड. फक्त लपलेल्या ओळी सोडायच्या असतील तर ७ च्या जागी ५. हा फॉर्म्युला एक्सेल २०१० पासून आहे, लिबरऑफिस कॅल्कमध्येही आहे. गूगल शीट्समध्ये नाही. पण चुका झाकून केलेली बेरीज देताना, दर बाकी असलेल्या गाड्या किती ते शेजारी लिहायला विसरू नका.

दिसणाऱ्यांतूनही निवडक

सावद्याचा फिल्टर लावलेला आहे आणि त्यातल्या फक्त मृगबागेची रक्कम वेगळ्या सेलमध्ये हवी आहे. अटी घालून बेरीज करणारा समइफ्स लपलेल्या ओळी सोडत नाही, म्हणून एक मदतीचा कॉलम घ्यायचा. एच५ मध्ये:

=अ‍ॅग्रिगेट(३, ५, बी५)

ओळ दिसत असेल तर १, लपली की ०. खाली ५०४ पर्यंत ओढा. मग:

=समइफ्स(जी५:जी५०४, एच५:एच५०४, १, डी५:डी५०४, "मृगबाग")

स्पेलिंग एस-यू-एम-आय-एफ-एस. उत्तर १,२१,०००, म्हणजे पाचवी आणि नववी ओळ. इथे मुद्दाम अ‍ॅग्रिगेट घेतला आहे. एक्सेलमध्ये मदतीच्या कॉलमला सबटोटल लिहिला तर यादीची शेवटची ओळ बेरजेची आहे असं एक्सेल समजतं आणि फिल्टर लावल्यावरही ती झाकत नाही. गूगल शीट्समध्ये अ‍ॅग्रिगेट नसल्यानं तिथे =सबटोटल(१०३, बी५) लिहा.

रोज सकाळी तोच प्रश्न असेल, म्हणजे गाव आणि बागेप्रमाणे ठरलेला तक्ता, तर फिल्टरच्या मागे लागू नका. त्यासाठी पिव्होट टेबल (यादीवरून गोषवाऱ्याचा तक्ता मांडणारी सोय) किंवा सरळ समइफ्स बरा. फिल्टर आणि सबटोटलची जोडी तेव्हा कामाची, जेव्हा समोर माणूस उभा आहे आणि प्रश्न दर वेळी वेगळा आहे: गेल्या आठवड्याची, फक्त कांदेबाग, फक्त या खात्याची.

शेवटी कॉपीबद्दल. फिल्टर लावलेली यादी कॉपी केली तर एक्सेल दिसणाऱ्याच ओळी घेतं. पण ओळी हातानं लपवल्या असतील तर लपलेल्याही सोबत जातात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फाइलमध्ये दुसऱ्याच शेतकऱ्याचा हिशेब उघडा पडतो. भाग निवडल्यावर आल्ट आणि अर्धविराम एकत्र दाबा, म्हणजे फक्त दिसणारे सेल निवडले जातील. मग कॉपी करा, नव्या फाइलमध्ये पेस्ट करा आणि तीच फाइल पाठवा.